आप्पांनी फॉर्मल नाईटला काय घालायचं, आणि त्याआधीचा अख्खा दिवस कसा घालवायचा?

प्रश्न असा आलाय: आई-आप्पांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा आणि सून त्या दोघांना घेऊन सिंगापूरहून पाच रात्रींच्या क्रूझवर निघालेत. बुधवारी संध्याकाळी जहाज सुटणार, गुरुवार पूर्ण पाण्यात, मग फुकेत, पेनांग करत सोमवारी परत. कंपनीच्या कागदावर गुरुवारपुढं दोनच गोष्टी लिहिल्यात, ‘सी डे’ आणि ‘फॉर्मल नाईट’. त्यावरून घरात रामायण सुरू आहे. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बॉयलरवर होते. ते म्हणतात, दिवसभर पाण्यात बसून करायचं काय, आणि जो सूट लग्नात घातला नाही तो आता घालू का? आईचा गुरुवारचा उपवास. मुलगा विचारतोय, सूट भाड्यानं घेऊ, की त्या रात्री सगळे खोलीतच जेवू?

खोलीत जेवू नका आणि सूट भाड्यानं घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

मी १९ वर्षं क्रूझ जहाजांच्या डायनिंग रूममध्ये काढली. २००१ ला असिस्टंट वेटर म्हणून चढलो, उतरलो तेव्हा हेड वेटर होतो. २०२० च्या मार्चमध्ये जगभरची क्रूझ जहाजं थांबली, तेव्हा घरी आलो आणि घरीच राहिलो. आता कोल्हापुरात केटरिंग करतो. म्हणजे फॉर्मल नाईट मी शेकड्यांनी बघितल्या, पण सगळ्या ताट हातात धरून. पाहुण्यांना जी बाजू दिसत नाही, तिथून हे लिहितोय.

आधी दिवसाचं बघू. आपल्याकडं टूर म्हणजे पॉइंट. सकाळी सहाला उठा, आठला बसमध्ये बसा, संध्याकाळपर्यंत सात पॉइंट मारा. सी डेला आपली माणसं सकाळी नाश्त्याला यायची तीच खांद्याला बॅग अडकवून, पायात बूट घालून. आणि मला विचारायची, “आता कुठं जायचं?” कुठंच नाही. हा असा एकच दिवस आहे की कुणी तुम्हाला बसमध्ये मोजून बसवणार नाही. आदल्या रात्री खोलीत एक कागद येतो, किंवा हल्ली मोबाईलच्या ॲपवर दिसतो, त्यात दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम तासावारी छापलेले असतात: टॉवेलचा हत्ती कसा करायचा, प्रश्नमंजूषा, नाच शिकवणं, बिंगो, चित्रांचा लिलाव. ते सगळं ‘कव्हर’ करायचं मनात आणलंत तर संध्याकाळी फॉर्मल कपड्यात डुलक्या घेताना दिसाल. दोन गोष्टी निवडा, बाकीच्या सोडा. चित्रांच्या लिलावाला तर फुकट मिळतंय ते पेय प्यायलाच जा, चित्र घ्यायला नको.

आप्पांसाठी मी निवडीन ती दुपारची बाराची घोषणा. बहुतेक जहाजांवर सी डेला दुपारच्या सुमारास कॅप्टन स्वतः स्पीकरवर बोलतो: आपण कुठं आहोत, वेग किती, वारा कुठून, खाली पाणी किती खोल. लोक ऐकत नाहीत, त्या वेळी जेवणाच्या रांगेत असतात. आप्पांना हातात वही देऊन डेकवर बसवा. वेग नॉटमध्ये सांगतील, त्याला १.८५२ नं गुणलं की ताशी किलोमीटर. १८ नॉट म्हणजे ताशी ३३ किलोमीटर, आपल्या घाटातल्या एसटीएवढा. ऐकायला कमी वाटतं, पण एवढं मोठं धूड रात्रंदिवस न थांबता त्या वेगानं जातं. खोली ऐकून मात्र त्यांना धक्का बसेल. तुमचं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणार, आणि तिथं काही ठिकाणी पाणी जेमतेम २५ मीटर असतं. ‘भर समुद्र’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं अथांग काहीतरी येतं, आणि खाली एखाद्या खोल विहिरीएवढंच पाणी. इंजिनरूम पाहुण्यांना दाखवत नाहीत, पण काही जहाजांवर सी डेला कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर प्रश्नोत्तरांना बसतात. तशी वेळ त्या कागदावर असेल तर आप्पांना पुढच्या रांगेत बसवा. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी कसं करता, हे त्यांनी विचारावं. बॉयलरवाल्या माणसाला ते उत्तर कळेल, शेजारच्या दहा जणांना कळणार नाही.

मलाक्काची ही पट्टी सुमारे ८०० किलोमीटर लांब, आणि जगातल्या सगळ्यांत गर्दीच्या जलमार्गांपैकी एक. वर जाताना उजवीकडं मलेशिया, डावीकडं इंडोनेशियाचं सुमात्रा. पाण्यावर वाहतूक उजव्या अंगानं चालते, आपल्या रस्त्याच्या उलट. त्यामुळं समोरून येणारी कंटेनरची, तेलाची जहाजं तुमच्या डाव्या हाताला दिसतील, एकामागं एक, हातकणंगल्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या लागतात तशी. तुम्ही वायव्येकडं चाललेले, म्हणजे सूर्यही डावीकडंच बुडणार. खोली अजून ठरली नसेल तर डाव्या बाजूची मागा. बाल्कनीचे पैसे परवडत नसतील तर नुसती खिडकी घ्या, आणि बिनखिडकीची घेतलीत तरी डेक सगळ्यांचा आहे. पाण्यापासून ३० मीटर उंचीवर उभं राहिलं की क्षितिज जवळजवळ २० किलोमीटरवर असतं. एक जहाज आधी वरच्या टोकानं दिसायला लागतं, मग हळूहळू पाण्यातून वर आल्यासारखं अख्खं होतं. पृथ्वी गोल आहे हे शाळेत सांगितलं होतं, ते तिथं बसून बघता येतं. त्याला तिकीट नाही.

आता घड्याळ. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळ्यांचा गुरुवार इथंच बिघडतो. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. तुम्ही बुधवारी चढणार, म्हणजे गुरुवारी शरीर अजून कोल्हापुरातच असणार. रंकाळ्यावर साडेपाचला फेरी मारणारे आप्पा सवयीनं उठतील तेव्हा जहाजावर आठ वाजलेले असतील. त्या वेळी वरच्या बफेला चेंगराचेंगरी. सी डेला सगळे एकदम उठतात, कुणाला उतरायचं नसतं, त्यामुळं नऊ ते दहा तिथं ताट घेऊन फिरायला जागा नसते. खालच्या डायनिंग रूममध्येही नाश्ता असतो, टेबलावर बसून, वाढायला माणूस, आणि अर्धी टेबलं रिकामी. आम्ही तिथं उभे राहून पाहुण्यांची वाट बघायचो.

डेकवरच्या आरामखुर्च्यांचं राजकारण वेगळं. सकाळी सातला लोक टॉवेल, पुस्तक, चष्म्याची डबी ठेवून खुर्ची धरतात आणि पोटभर नाश्ता करून दहाला येतात. मला वाटायचं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचं तंत्र फक्त आपलंच. नाही, जर्मन, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, सगळे रुमाल टाकतात. बऱ्याच जहाजांवर अर्धा-पाऊण तास खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी तो टॉवेल उचलतात. तुम्ही भांडू नका, त्यांना सांगा.

लिफ्टमध्ये चढलात की खाली बघा. काही जहाजांवर लिफ्टच्या गालिच्यावर वार विणलेला असतो आणि मध्यरात्री तो बदलतात. हसू नका, दुसऱ्याच दिवशी त्याची गरज पडते.

पोटात ढवळायचं म्हणाल तर मलाक्कात भीती कमी. एका बाजूला सुमात्रा आडवं पडलेलं, त्यामुळं मोठ्या लाटा आत येत नाहीत. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये पहाटे कधीकधी वादळी पावसाची एक सर जोरात येते. तिकडं तिला ‘सुमात्रा’च म्हणतात. तासा-दोन तासांत ती निघून जाते. तरी आईंना एसटीत त्रास होत असेल तर गोळी आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती राहत नाही. कुठली गोळी ते घरच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः आप्पांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर न विचारता काही देऊ नका. या गोळ्यांनी झोपही येते. आणि उपाशी पोट हे सगळ्यांत वाईट.

म्हणून आईंच्या उपवासाचं बोलू. ‘फास्टिंग’ म्हटलं की जहाजावरच्या माणसाला काही कळत नाही, त्याला वाटतं रक्ततपासणी आहे. त्याला नेमके पदार्थ सांगा: उकडलेला बटाटा, नुसता, मीठ वेगळं, साधं दही, दूध, फळं. बुधवारी रात्री जेवायला बसाल तेव्हाच हेड वेटरला सांगा. आम्ही एक चिठ्ठी किचनला पाठवतो आणि दुसऱ्या दिवशीचं त्याप्रमाणं निघतं. ऐनवेळी सांगितलं तर फळंच मिळतील. साबुदाणा, वरी विसरा. राजगिऱ्याचे लाडू न्या, पण कंपनीचं सील असलेलं पाकीट. घरचा डबा चढताना बहुतेक वेळा काढून घेतात. आई उपवास संध्याकाळी सोडत असतील तर मग प्रश्नच मिटला, फॉर्मल जेवणानंच सोडू द्या.

एक विनंती हात जोडून. गुरुवार आहे, दत्ताची आरती होणार, निरांजन आणि उदबत्ती बॅगेत जाणार. खोलीत काहीही पेटवायचं नाही. समुद्रात बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त. इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा चढताना काढून घेतात ते याच कारणानं. एकदा आपल्याकडच्याच एका काकूंनी छोटी फुलवात लावली. दोन-तीन मिनिटांत दारात दोन गस्तवाले. काकू घाबरल्या नाहीत, त्यांनी आधी आरती पुरी केली, मग दोघांच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, फुलवात विझवली, आणि खाली येऊन मला विचारलं, ते काय होतं? पुढं काकूंना लेखी समज मिळाली, ती मलाच मराठीत वाचून दाखवावी लागली. बॅटरीवरचा दिवा न्या.

इस्त्री नाही म्हणजे कपड्यांचं काय? जहाजाच्या लॉन्ड्रीत प्रेस करून मिळतं, पैसे पडतात, आणि फॉर्मल नाईटच्या दिवशी तिथं ढीग असतो. बुधवारी चढल्या चढल्या द्या, किंवा चुरगळणार नाही असंच न्या. खोलीच्या भिंती पोलादी असतात, चुंबकाचे हुक घट्ट चिकटतात. दोन-चार न्या, साडी टांगायला उपयोगी पडतील.

तर, कपडे. फॉर्मल म्हणजे सूट असं कुणीही म्हटलेलं नाही. क्रूझवर फॉर्मल रात्रीला राष्ट्रीय पोशाख हा पूर्ण फॉर्मल मानतात; जुन्या, कडक शिस्तीच्या कंपन्यांच्या नियमातही तसं लिहिलेलं असतं. स्कॉटलंडचे लोक गुडघ्यापर्यंतचा घागरा घालून येतात, नायजेरियाचे पायघोळ झगा. मग आप्पांनी बंद गळ्याचा कोट आणि पँट घातली तर कोण काय म्हणणार? त्यांच्या मापाचा कोट महाद्वार रोडच्या शिंप्याकडं शिवा, पुढं नातवंडांच्या लग्नात लागेल. धोतर-कोट-फेटा घालायची हौस असेल तर तेही चालतं, फक्त फेटा स्वतःला बांधता आला पाहिजे. जहाजावर बांधून देणारा मिळत नाही. मी तीन-चार वेळा बांधून दिलेत, वेटरच्या ड्रेसमध्ये, लिनन ठेवायच्या खोलीत, घाईत.

चपलेची एक गोष्ट सांगतो. शिरोळकडचे एक उसवाले काका, धोतर, काळा कोट, गुलाबी फेटा आणि पायात कापशी कोल्हापुरी चप्पल. डायनिंग रूमच्या दारात आमचा होस्ट उभा होता, क्रोएशियाचा. त्यानं खाली बघितलं आणि हळूच म्हणाला, सँडल चालणार नाहीत. नियम खराच आहे, पुरुषांना उघडी चप्पल रात्री चालत नाही. मी मध्ये पडलो. म्हटलं, ही चप्पल त्या पोशाखाचाच भाग आहे, ही काढली तर उरलेला पोशाख अर्धा. तो जरा विचार करून बाजूला झाला. काका आत निघाले. आणि त्या चपलेची करकर! पियानो थांबलेला होता, गालिचा टेबलांच्या मधल्या भागात नव्हता, काकांचं टेबल शेवटच्या खिडकीशी. करकर, करकर, करकर. चारशे माणसांनी माना वळवल्या. काकांना त्याचं काही नाही, चप्पल वाजावी म्हणूनच त्यांनी ती जादा पैसे देऊन घेतलेली. हे सगळं कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळायच्या आणि २०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसल्याच चपला मिलानच्या रॅम्पवर फिरवायच्या कितीतरी आधीचं. आता कदाचित होस्टच विचारेल, कुठं मिळते?

पण मी आप्पांना सांगीन, साधे काळे बूट न्या. होस्टच्या भीतीनं नाही. कातडी तळ ओल्या डेकवर साबणासारखा घसरतो, आणि डेक कधीही ओला असू शकतो.

आईंना काही शिकवायची गरज नाही. साडी नेसलेली बाई फॉर्मल रात्री सगळ्यांत सजलेली असते. फक्त पदर पिननं पक्का करा. जहाज ताशी ३३ किलोमीटरनं चाललंय, म्हणजे वारा पडलेला असला तरी उघड्या डेकवर तेवढा वारा असतोच. समोरून वारा असेल तर बेरीज होते. जड पैठणीपेक्षा इरकल बरी. डायनिंग रूममध्ये एसी कडक असतो, शाल हातात असू द्या. सोनं घरी ठेवा. साज एक ग्रॅमचा घाला, तिथं कुणी कसोटीवर घासून बघत नाही. खराच न्यायचा हट्ट असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून दागिन्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना हे इथलंच आहे हे सिद्ध करत बसावं लागणार नाही. जीन्स, हाफ पँट, टोपी मात्र मुलानं त्या रात्री विसरावं. ज्यांना हे काहीच नको त्यांच्यासाठी वरचं बफे चालूच असतं.

फॉर्मल रात्र सी डेलाच का ठेवतात? कारण त्या दिवशी कुणी बंदरावरून घामाघूम होऊन सहाला परत येत नाही. सगळ्यांना आवरायला वेळ असतो, आणि किचनला दिवसभर तयारीला वेळ असतो. दुपारी तीननंतर ब्यूटी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आवरणं खोलीत करा, आणि क्रमानं करा. खोलीतली न्हाणी आपल्या देवघराएवढी असते.

जेवणाच्या बऱ्याच जहाजांवर दोन पंगती असतात, एक साधारण सहाला, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. आपले लोक ‘लवकर उरकू’ म्हणून पहिली घेतात. मघाचं घड्याळ आठवा: जहाजावरचे सहा म्हणजे कोल्हापूरचे साडेतीन. दुपारचं जेवण अजून घशाशी असतं. शिवाय त्या भागात सूर्य वर्षभर सातच्या पुढं-मागं मावळतो, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी तुम्ही सूप पीत बसणार. दुसरी पंगत घ्या. सूर्यास्त बघा, डेकवर फोटो काढा, मग खाली या. बुकिंगच्या वेळी सांगायचं राहिलं असेल तर चढल्याबरोबर जाऊन बदलून मागा, बहुतेक मिळते.

त्याआधी मधल्या मोठ्या हॉलमध्ये कॅप्टनचा स्वागताचा कार्यक्रम होतो. काही जहाजांवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचतात, एकावर एक, आणि वरच्या ग्लासात ओतलं की खालचे भरत जातात. रचणारा माणूस दुपारीच रचायला लागतो आणि जहाज जरा वळलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. फोटोग्राफर दर दहा पावलांवर उभे असतात. सगळीकडं हसून उभे राहा, काढून घ्या, पैसे फोटो विकत घेतला तरच. चाळीस वर्षांच्या लग्नाचा एक घ्या. मुलांनी स्वतःच्या मोबाईलनं काढायलाही कुणाची ना नसते.

आता टेबल. चार काटे, तीन सुऱ्या, दोन ग्लास बघून आप्पा गप्प होतील. बाहेरून आत यायचं, एवढाच नियम. डावीकडचा पाव तुमचा, उजवीकडचं पाणी तुमचं. चुकीचा काटा उचलला तर आम्ही पुढच्या पदार्थाला नवीन ठेवतो, बोलत नाही. १९ वर्षांत कुणी कुठला काटा धरला हे मी लक्षात ठेवलं नाही. ठेवायला वेळच नव्हता. आमचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: टेबलावरचे सगळे खाऊन झाले का, कारण सगळ्यांचं झाल्याशिवाय ताटं उचलत नाहीत आणि एक माणूस अडला की अख्खं टेबल अडतं, आणि आत किचनमधून ट्रे कधी निघतो. तो ट्रे म्हणजे झाकलेली दहा-बारा ताटं खांद्यावर. समुद्र खवळलेला असेल तर टेबलावरचा कपडा थोडा ओला करतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तुमचा कपडा दमट लागला तर समजा, कॅप्टनला काहीतरी माहीत आहे.

ताटात वाढलेलं बघून आप्पा म्हणतील, एवढंच? एवढंच. पण ही पंगतच आहे, फक्त आग्रह तुम्ही करायचा. जेवण तिकिटात धरलेलं असतं. दोन सूप मागा, मुख्य पदार्थ बदलून मागा, दुसऱ्यांदा मागा. एखाद्या पदार्थापुढं किंमत छापली असेल तर त्याचे जादा पैसे, आणि दुसऱ्यांदा मागताना पैसे पडतात का ते विचारून घ्या. मात्र दारू, कोल्ड्रिंक, पाण्याची बाटलीसुद्धा तुमच्या खोलीच्या कार्डावर, म्हणजे बिलात चढते. साधं पाणी मागितलं की फुकट. फॉर्मल रात्रीला बऱ्याच ठिकाणी लॉबस्टर असतो. त्याच शिरोळच्या काकांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मला म्हणाले, “खेकडाच की रं, रस्सा कुठं हाय?” मी त्यांना तूप वितळवल्यासारखी दिसणारी लोण्याची वाटी आणून दिली. दोन लॉबस्टर संपवून ते म्हणाले, बरं होतं, पण तिखट नाही. टबॅस्को हा तिखट सॉस मागा, सगळीकडं असतो. हिरवी मिरचीही चिरून मिळते, फक्त मागावी लागते.

आईंच्या शाकाहाराबद्दल मात्र थांबून वाचा. बहुतेक मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण आधी सांगितलं तर मिळतं, डाळ, भात, भाजी, कधी रोटी. तेच मागवा, आणि बुकिंगमध्येच लिहून द्या. पण चुकून इंग्लिश मेनूवरून मागवायची वेळ आली तर नावावर जाऊ नका. फ्रेंच अनियन सूपमध्ये कांदा दिसतो, पण पाणी बहुतेक वेळा गाईच्या हाडांचं असतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा वाटलेला असतो. कुस्करलेल्या बटाट्यावर कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरवतात. जेली आणि हलणारी गोड डिश म्हणजे बहुतेक वेळा जिलेटिन, तेही जनावराच्या हाडा-कातडीचं. ‘व्हील’ म्हणजे वासराचं मांस, ‘प्राइम रिब’ आणि ‘टूर्नडो’ म्हणजे बीफ, ‘एस्कार्गो’ म्हणजे गोगलगाय. वेटरला “व्हेज?” एवढंच विचारू नका, “स्टॉक कशाचा?”, म्हणजे कशाच्या पाण्यात शिजवलंय, असं विचारा.

हे मला कुठून कळलं ते सांगतो. २००१ मधली माझी पहिली फॉर्मल रात्र. एक गुजराती बा माझ्या टेबलावर, पांढरी साडी, जपमाळ पर्समध्ये. सूपवर बोट ठेवून विचारलं, यात काही नाही ना? मी म्हणालो, नाही बा, नुसता कांदा. मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी पूर्ण वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये ते सूप कशात शिजतं ते भांडं बघितलं, तळाशी हाडं होती. दुपारी बा मुद्दाम शोधत आल्या आणि म्हणाल्या, बेटा, कालचं सूप बहु सरस. मी मान हलवली. सांगितलं नाही. त्यानंतर १९ वर्षं रोज संध्याकाळी दार उघडायच्या आधी किचनमध्ये जाऊन प्रत्येक सूपचा स्टॉक विचारायचो. माझ्या हाताखालच्या पोरांना वाटायचं, हा माणूस जरा चक्रम आहे.

टिपेचं थोडक्यात. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटं असायची, आता बहुतेक कंपन्या माणशी दररोज ठरावीक रक्कम खात्यावर आपोआप लावतात. अमेरिकन कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते. चौघांची पाच रात्रींची बेरीज आधीच करून ठेवा, म्हणजे शेवटच्या सकाळी काउंटरवर आप्पांचा आवाज चढणार नाही. आणि मोबाईल सिंगापूर सुटताना एअरप्लेन मोडवर टाका, चौघांचेही. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला जोडला जातो, आणि नुसत्या गुड मॉर्निंगच्या फुलांचं बिल घरी येतं. नेट हवंच असेल तर जहाजाचं वायफाय पैसे भरून घ्या, एकाच फोनवर, आळीपाळीनं.

जेवण दोन तास चालेल. सव्वादहा-साडेदहाला उठाल तेव्हा कोल्हापुरात पावणेआठ-आठ, म्हणजे आप्पांना झोप येणार नाही. खोलीत जाऊन दोघांनाही बूट-चप्पल बदलू द्या, रबरी तळाची, मग डाव्या बाजूच्या डेकवर न्या. पूलच्या दिव्यांपासून लांब, मागच्या टोकाला जा, तिथं अंधार असतो. समोरून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. तुमच्या डावीकडून जाणाऱ्यांचा तुम्हाला लाल दिसेल. आप्पांना सांगा, हिरवा दिसला तर मला फोन करा. फोन एअरप्लेन मोडवर आहे हे त्यांना तेव्हा आठवेल.